गुरुवारच्या बाजाराआधी मामांना

पाथरी,
सोमवार, भर दुपार

तीर्थरूप मुंजाजीमामांना राजेश्रीचा वाकून, पण या वेळी जरा लांबूनच, नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? चष्म्याची काडी बसवून घेतली की अजून दोरा बांधूनच पेपर वाचणं चालू आहे? मामीचा खोकला कमी झाला का? इकडे मी ठीक आहे. ऊन इतकं आहे की दुपारी पंख्याचं बटण दाबायलाही हात पुढे होत नाही. हे पत्र पुढे वाचण्याआधी बीपीची गोळी घेतली का ते बघा. घेतली नसेल तर घ्या, आणि घेतली असेल तर दहा मिनिटं थांबून मग चष्मा लावा. फोन का केला नाही, असं तुम्ही म्हणणार. फोनवर तुम्ही "हां, बोल" म्हणता आणि मग स्वतःच बोलत राहता. शिवाय तुमचा फोन कायम स्पीकरवर असतो, त्यामुळे माझी निम्मी वाक्यं पारावरची मंडळी ऐकतात आणि उरलेली निम्मी तुम्ही तोडता. पत्रात तसं करता येत नाही. (फाडता येतं, हे मला माहीत आहे. म्हणून झेरॉक्स काढून ठेवली आहे.)

तुम्ही गावभर सांगता की आमची राजेश्री डोक्याची डॉक्टर झाली. मामा, मी डॉक्टर नाही, समुपदेशक आहे. म्हणजे माणूस समोर बसवायचा, त्याचं ऐकायचं आणि त्याला त्याची वाट सापडेपर्यंत सोबत करायची. पहिल्यांदा हे सांगितलं तेव्हा तुम्ही विचारलं होतं की नुसतं ऐकायचा पगार देतात का. देतात. आणि गेला महिना मी तो हरामाचा खाल्ला असं मला वाटायला लागलंय, कारण माझ्यासमोर बसवलेला माणूस एक शब्द बोलत नाही. येत्या शुक्रवारी परभणीहून मानसोपचाराचे डॉक्टर आमच्या केंद्रात येणार आहेत, आणि त्यांच्यापुढे मला या माणसाचा कागद भरून ठेवायचा आहे. त्या कागदावर त्याची बायको आणि तीन महिन्यांची मुलगी घरी येणार की नाही ते ठरणार आहे. म्हणून चार दिवस झाले, मला अन्न गोड लागत नाही.

माणूस म्हणजे भिवराबाई मेंढकिणीचा आदिनाथ. तुम्ही ओळखता. (समोरच्याचं मनातलं बाहेर कुणाला सांगायचं नाही, हा आमच्या कामातला पहिला नियम. तो मी मोडत नाहीये. भिवराबाईनं तोंडानं आणि आदिनाथनं मान हलवून परवानगी दिलेली आहे. का दिली, ते पुढे येईल.) संक्रांतीनंतर त्यानं बोलणं बंद केलं. बायको दैवशाला बाळंतपणाला पिंगळीला माहेरी गेलेली. मुलगी झाली, बारसं झालं, हा दोनदा सासऱ्याच्या दारात जाऊन उभा राहिला आणि मुका परत आला. सासरा सिताराम माणूस वाईट नाही. तो म्हणाला, एक शब्द बोल आणि आत्ता लेकीला घेऊन जा. हा बोलला नाही. मग सिताराम म्हणाला की वेड्याच्या घरी मी पोर धाडणार नाही, दवाखान्याचा कागद आणा, वेडा नाही असं लिहून आणा. तो कागद म्हणजे माझा कागद.

पहिल्या दिवसाची गंमत ऐका. आम्हाला शिकवलंय की समोरच्याच्या पातळीवर बसावं. आदिनाथ खुर्ची सोडून फरशीवर बसला, म्हणून मीही फरशीवर बसले. तशी भिवराबाई ओरडली की मॅडम खाली अन् आमी बी खाली, आसं कुठं आस्तंय व्हय, आणि ती आदिनाथला घेऊन उभी राहिली. ते उभे राहिले म्हणून मी उभी राहिले. मी उभी राहिले म्हणून ते परत खाली बसले. असं चार वेळा झालं. शिपाईमावशी दारातून बघून गेल्या आणि बाहेर बसलेल्यांना म्हणाल्या की आत व्यायाम चाललाय. शेवटी मी खुर्चीवर, आदिनाथ उंबऱ्यात आणि भिवराबाई मधे कमरेवर हात देऊन उभी, असं सगळं स्थिरस्थावर झालं. मग फॉर्म. पत्ता विचारला तर भिवराबाई म्हणाली, आज कालव्याच्या पल्याड, परवाचं मेंढरं सांगतील. घरात किती जण, तर दोनशे चौदा. मी माणसं विचारली म्हटलं तर म्हणाली, मग तसं इचार की.

दुसऱ्या वेळी मी श्वासाचा प्रयोग केला. डोळे मिटा, मनात एखादी शांत जागा आणा. आदिनाथनं डोळे मिटले आणि पाचव्या मिनिटाला घोरायला लागला. (कळपात लांडगा शिरल्यामुळे तीन रात्री तो जागा होता, हे मला नंतर कळलं. मी त्या दिवशी फॉर्ममध्ये "चांगली प्रगती" असं लिहून मोकळी झाले होते.) तिसऱ्या वेळी कागद आणि रंगीत पेन्सिली दिल्या आणि म्हटलं, मनात जे आहे ते काढा. त्यानं एक आडवा डबा काढला, डब्याच्या तोंडाला एक गोल काढला आणि गोलातून निघून कागदाच्या बाहेर जाणारी एक लांब नळी काढली. मामा, मी त्या चित्रावर दीड पान लिहिलं. डबा म्हणजे कोंडलेपण, गोल म्हणजे पोकळी, नळी म्हणजे आईशी न तुटलेलं नातं. परभणीच्या आमच्या वरिष्ठ अर्पिता मॅडमना ते इतकं आवडलं की त्यांनी ते प्रशिक्षणात वाचून दाखवलं. चाळीस जणांनी ते वहीत उतरवून घेतलं.

ती मोटार होती. विहिरीवरची पाच हॉर्सपॉवरची मोटार.

हे मला त्यांच्या पालावर गेल्यावर कळलं. गेल्या बुधवारी मी स्कूटी घेऊन कालव्याच्या पलीकडे गेले. लांबून आवाज आला म्हणून थबकले, तर आदिनाथ मेंढरांना हाका घालत होता. खणखणीत आवाज, घशात काही दोष नाही. मी पळत पळत त्याच्यापर्यंत पोचले तर मला बघून तोंड मिटलं. भिवराबाईनं चहा ठेवला. आमचा नियम आहे की समोरच्याकडून काही घ्यायचं नाही, म्हणून मी नको म्हटलं. तिचा चेहरा एकदम पडला. "व्हय की," ती म्हणाली, "मुंजाजीरावची भाची आमच्या पालात च्या कशाला पील." मी दोन कप प्याले, वर तिसरा मागून घेतला, तरी ते वाक्य काही खाली गेलं नाही. चित्र दाखवून मी तिला विचारलं की हा गोल कशाचा असेल. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की माझी पदवी तिथेच परत द्यावीशी वाटली.

मग तिनं सांगितलं. आदिनाथनं भंडारा उचललाय. म्हणजे देवाची हळद हातात घेऊन शपथ घेतली आहे की ज्यानं मला चारचौघांत चोर म्हटलं, तो चारचौघांत ते माघारी घेईपर्यंत माणसाशी बोलणार नाही. (मेंढरं शपथेत धरलेली नाहीत, कारण मेंढरांनी त्याला चोर म्हटलेलं नाही.) मी विचारलं, कोण म्हणालं. मामा, आता जरा पाणी प्या.

संक्रांतीनंतरच्या गुरुवारी, भर बाजारात, मारुतीच्या पायऱ्यांपुढे, आमच्या विहिरीवरची मोटार यानंच चोरली म्हणत तुम्ही त्याची कॉलर धरलीत. पटका खाली पडला. वर्षानुवर्षं ज्यांची मेंढरं तुम्ही खतासाठी आपल्या रानात बसवून घेता, त्यांची पेटी रस्त्यावर उपडी केलीत. दैवशालाची दोन लुगडी आणि होणाऱ्या बाळासाठी शिवलेली टोपडी धुळीत पडली. मोटार निघाली नाही. निघणार कशी? ती तुमच्या लेकानं, रामनं, कमी व्होल्टेजवर चालवून जाळली होती आणि तुमच्या भीतीनं न सांगता दुरुस्तीला, वाइंडिंग करायला टाकली होती. आठ दिवसांनी ती विहिरीवर परत बसली. तिची घरघर सगळ्या शिवारानं ऐकली. गावात काय पसरलं, तर आदिनाथनं भिऊन रातोरात आणून ठेवली. तोवर तुम्हाला खरं काय ते कळलं होतं, तरी तुम्ही ते तसंच पसरू दिलंत. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. भिवराबाई सांगत होती आणि मी वहीत मान घालून लिहीत होते, कारण वर बघायची लाज वाटत होती.

माझ्याकडे जो छापील फॉर्म आहे त्यात विचारांतले दोष, भावनांतले दोष, झोपेतले दोष असे सतरा रकाने आहेत. दोष दुसऱ्याचा असेल तर तो कुठे लिहायचा, त्याला रकाना नाही. मी अर्पिता मॅडमना फोन केला (चित्राचं खरं काय ते आधी सांगितलं). त्या म्हणाल्या की डॉक्टर चार महिन्यांचं मौन बघून गोळ्या चालू करतीलच, तू काय लिहितेस त्यावर आहे. मी विचार करून थकले. तुम्ही पिंगळीच्या साडूंशी नऊ वर्षं बोलला नाहीत. कारण काय, तर लग्नात तुमच्याआधी त्यांच्या जावयाला टॉवेल-टोपी केली. नऊ वर्षं! मामी मधे बसून इकडचा निरोप तिकडे करायची. तुम्हाला कुणी फरशीवर बसवून पेन्सिली दिल्या नाहीत. सगळे म्हणायचे, मुंजाजीराव मानी माणूस आहे. बारा एकर बागायत असलेल्यानं बोलणं सोडलं की तो मान, आणि मेंढक्यानं सोडलं की वेड. हे मी कुठल्या तोंडानं लिहू?

तुमच्याबद्दल मला काय वाटतं ते तुम्हाला ठाऊक आहे. बाबा गेल्यावर सगळं भावकीचं मत होतं की पोरीला उजवून टाका. तुम्ही एकटे उठलात आणि मला मोटारसायकलवर मागे बसवून परभणीच्या कॉलेजात नेलंत. प्राचार्यांच्या टेबलावर मूठ आपटलीत, तशी मूठ गावात दुसऱ्या कुणाची नाही. म्हणून तर भीती वाटते. तीच मूठ आदिनाथच्या कॉलरवर होती. मी भिवराबाईला म्हटलं, मावशी, मी तुमच्यासाठी काय करू, माझ्याकडे फक्त कागद आहे. ती म्हणाली, "आमी काय श्वास घ्यायला आलो व्हतो का तुज्याकडं? इंजेक्शनवाले डाक्टर लय हायत. तू त्याची भाची हायस म्हणून आलो. तुजं तो ऐकंल." महिनाभर मला वाटत होतं की मी त्या माणसाला उलगडते आहे. माझ्याच केंद्रात बसून भिवराबाई मला तयार करत होती.

असो. लिहिताना काही अधिकउणं झालं असेल तर भाची म्हणून पोटात घाला, आणि समुपदेशक म्हणून झालं असेल तर घालू नका. मामीला नमस्कार, रामला काहीच सांगू नका, त्याला मीच सांगणार आहे.

तुमची,
राजेश्री

ता. क. – गुरुवारी सकाळी दहा वाजता मारुतीच्या पायऱ्यांपुढे या. आदिनाथ येईल, सितारामला पिंगळीहून बोलावलं आहे, बाजार भरलेला असेलच. तुम्हाला एवढंच म्हणायचं आहे: "मोटार रामनं नेली होती, आदिनाथ चोर न्हाई, चूक माझी." त्याच्याकडे बघणं जड जात असेल तर लिंबाच्या झाडाकडे बघून म्हणा. पण मोठ्यानं. पारावर ऐकू जाईल एवढं.

ता. क. दुसरा – हे पत्र पोस्टानं आलेलं नाही, मामीनं तुमच्या हातात दिलं, हे लक्षात आलं असेल. तिला मी सगळं वाचून दाखवलं आहे. वाचून होईपर्यंत ती दारातून हलणार नाही असं म्हणाली होती. वर बघा.

ता. क. तिसरा – मला यातलं काहीच माहीत नव्हतं असं वर लिहिलं आहे. ते खोटं आहे. संक्रांतीला मी गावी आले होते. त्या गुरुवारी मी बांगडीवाल्याच्या दुकानापुढे होते, पायऱ्यांपासून वीस पावलांवर. टोपडी धुळीत पडली ती मी पाहिली. मोटारीचं खरं रामनं मला आठव्या दिवशी फोनवर सांगितलं, आणि मी त्याला म्हणाले की आता उकरू नकोस, मामांचा मान जाईल. आदिनाथ केंद्राच्या दारातून आत आला तेव्हा त्याला मी पहिल्याच क्षणाला ओळखलं होतं. भिवराबाईचंही अर्धंच वाक्य तुम्हाला लिहिलं. पुढे ती म्हणाली होती, "अन् तू बी हुतीस की तिथं." चार महिने तो गप्प आहे, तशी मीही आहे. फरक एवढाच की त्यानं शपथ घेऊन तोंड मिटलं. गुरुवारी तुम्ही आलात तर तुमच्यामागून मी बोलेन. नाही आलात, तर आधी मी बोलेन.