बसून वाजवलेली रेकॉर्ड

अण्णा, तुम्ही जाऊन नऊ वर्षं झाली आणि मी आता चव्वेचाळीसची आहे. डायरी रोज लिहिते, पण तुम्ही तीत फारसे येत नाही. याल असं वाटलं होतं. आज शाळेला सुट्टी होती, कपाट आवरताना तुमच्या बँडची रेकॉर्ड हाती आली आणि मला काहीच वाटलं नाही. रडू आलं नाही, बरंही वाटलं नाही. म्हणून लिहायला बसले. काही वाटत नसेल तर निदान जे घडलं ते नीट लिहावं.

तुमचे वरचे दोन दात हलू लागले, ते वर्ष. क्लॅरिनेट वरच्या दातांना टेकवून वाजवतात हे मला तेव्हा कळलं, जन्मापासून ते घरात वाजत असून. उगादीच्या सणानंतर दात काढावे लागतील, असं डॉक्टरांनी सांगितलं. तुम्ही घरी येऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसलात आणि आईला नव्हे, मला म्हणालात, "तू शिकलेली आहेस. रेकॉर्ड करून देणारी एखादी जागा बघ, आपल्याला परवडेल अशी. दात आहेत तोवर एकदा वाजवून ठेवतो." मी बी.एस्सी. होऊन शाळेत विज्ञान शिकवत होते. बँडमधल्या पाच जणांत कॉलेजचं तोंड पाहिलेलं कुणी नव्हतं. काम माझ्याकडे येणं साहजिक होतं.

मी वही घेऊन दोन जागा पाहिल्या. एक चिकपेटेत, रेडिओ दुरुस्तीच्या दुकानावरची, लाकडी फळ्यांच्या जमिनीची खोली. भिंतींना गाद्या ठोकलेल्या, खिडक्या बुजवलेल्या, मधोमध एकच मायक्रोफोन आणि शेजारी थेट तबकडीवर रेघ कोरणारं यंत्र. मी टाळी वाजवून पाहिली. आवाज जागच्या जागी विरला. मला ते फार शास्त्रशुद्ध वाटलं. दुसरी जागा कँटोनमेंटमधल्या एका शाळेचा मोठा हॉल. तिथे कॉलेजातले माझे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक रविवारी हौसेने लोकांचं गाणं-वाजवणं टेपवर उतरवून घेत. वाद्य कोणतं, म्हणून त्यांनी विचारलं. मी म्हटलं, लग्नातला बँड. "मग ते चालत वाजवत असतील. चालू देत की हॉलभर, मी मायक्रोफोन मधे उंच टांगतो," ते म्हणाले. "कोण लोक आहेत?" मी म्हणाले, "आमच्या पेटेतले आहेत." बाहेर आल्यावर मी वहीत लिहिलं : सर गंभीर नाहीत.

घरी येऊन तुम्हाला सांगितलं की चिकपेटेतली जागा परवडेल, हॉल आपल्याला झेपायचा नाही. तुम्ही म्हणालात, "सरी, ठीक आहे. तू बघितलंस ना, मग झालं."

रेकॉर्डिंगच्या दिवशी तुम्ही सगळे बँडचे लाल कोट घालून आलात. कुणी बघणार नव्हतं, तरी. मोठा ढोल जिन्यात अडकतो, मग आडवा करून वर नेतात. ढोलवाले मामा खोलीभर नजर फिरवून म्हणतात, "अक्का, ही बाळंतिणीची खोली का गं? वाऱ्यालासुद्धा मनाई." दुकानदार "कूत्कोळ्ळी, कूत्कोळ्ळी," म्हणत प्रत्येकाला स्टुलावर बसवतो. तुम्ही विचारता, "स्वामी, मी तरी उभा राहू?" तो म्हणतो, "राहा, पण पाय हलवायचा नाही. फळीवर पाय पडला की यंत्राची सुई उडते." तुम्ही थोडा वेळ स्वतःच्या पायांकडे पाहता आणि मग बसता.

लहानपणी मी तुमच्या शेजारून कितीतरी वरातींत चालले आहे, एकदा तर हेब्बाळच्या तळ्यापर्यंत. मला वाटायचं, मामांच्या ढोलावर तुम्ही पाऊल टाकता. त्या खोलीत कळलं की ते उलटं होतं. मामा तुमचा डावा पाय पाहून ढोल मारत. आता तुमचे पाय स्टुलाच्या दांडीवर होते आणि मामांना पाहायला काही नव्हतं. पहिल्या तबकडीला तुमची टाच खाली आली आणि सुई उडाली. दुसऱ्या वेळी ढोल मागे पडत गेला. तिसऱ्या वेळी कुणी चुकलं नाही. इन्स्पेक्टरसमोर मुलं कविता म्हणतात तसं झालं. कोरी तबकडी आणखी एक होती. दुकानदाराने विचारलं, पुन्हा घ्यायचं का? तुम्ही पाचही जण माझ्याकडे बघत होतात. दुपारचे तीन वाजले होते, रविवार होता, हॉल बसने अर्ध्या तासावर होता. मी म्हणाले, "नको. छान झालंय."

शेजाऱ्यांच्या ग्रामोफोनवर आपण ती ऐकली. तुम्ही शेवटपर्यंत ऐकून म्हणालात, "चुकलं कुठेच नाही." मग मामांना विचारलंत, "पण हे आपणच का?" मामा म्हणाले, "आपणच, अण्णा. नवरदेव तेवढा घोड्यावरून उतरून पळालाय." तुम्ही तोंडावर हात धरून हसलात. उगादीनंतर दात काढले. कवळी लावून तुम्ही दोन-तीनदा प्रयत्न केलात, मग क्लॅरिनेट बळेपेटेतल्या वाद्यवाल्याला देऊन टाकलंत. पुढे जो भेटेल त्याला सांगत राहिलात, पोरीने परवडणारी जागा शोधली म्हणून एवढं तरी झालं.

हॉलला काही पैसे पडणार नव्हते, अण्णा. प्राध्यापकांनी फक्त टेप आणायला सांगितलं होतं. चिकपेटेतली खोली कितीतरी महाग होती. दुकानदाराने तुम्हाला कमी सांगावं म्हणून मी त्याला आधीच भेटून आले होते आणि वरचे पैसे माझ्या पगारातून दिले होते. बरीच वर्षं मी स्वतःला पटवत आले की मला गाद्यांची खोली खरोखर चांगली वाटली. वाटली होतीच, ते खोटं नाही. पण कॉलेजच्या अर्जात वडिलांचा व्यवसाय म्हणून मी 'व्यापार' लिहिलं होतं, आणि शिष्यवृत्तीसाठी शिफारस करताना त्या प्राध्यापकांनी तो अर्ज वाचला होता. तुम्ही लाल कोटात त्यांच्यासमोर चालत वाजवणार आणि मी बाजूला उभी राहणार, एवढंच मला नको होतं.

आता तुमचं वाजवणं आठवायला गेले की रस्त्यावरचं येत नाही. ते बसून वाजवलेलंच येतं.

हे लिहूनही आत काही हललं नाही. तुम्ही असतात तर हे तुम्हाला वाचून दाखवलं असतं का, असं मी स्वतःला विचारलं, दोनदा विचारलं. नसतं दाखवलं. तुम्ही विचारलं असतंत, तर मी आजही म्हणाले असते की ती जागा स्वस्त होती.