शून्य गुणांची मुलं

मंगला गौरी, वाराणसी
४ ऑगस्ट १९९४

ती. नीलकंठमामांना मालविकेचा शि. सा. नमस्कार.

घरी सगळे बरे आहेत. मी नाही. बी.एड.च्या पत्राचार अभ्यासक्रमात संख्याशास्त्रात फेल झाले. नोव्हेंबरात पुन्हा बसायचं. तेव्हाही गेले तर शाळेतली माझी तात्पुरती जागा दुसऱ्या कुणाला देतील.

सरासरी काढताना शून्य गुणांची मुलं मी मोजलीच नाहीत. ज्यांना काही मिळालं नाही त्यांना काय मोजायचं, असं वाटलं. चारही स्वाध्यायांत हीच चूक आहे. चारही परत आले, ‘जाँचा गया’ असा शिक्का मारून. चौथ्यावरची सही तुमची आहे. तिच्यातला ‘नी’ मी दिवाळीच्या पत्रांत दरवर्षी पाहते.

या अभ्यासक्रमात नाव घालायला तुम्हीच लावलंत. तिथले स्वाध्याय तपासता म्हणून अभिमानानं कळवलंही होतंत.

बाबांकडे वेदांची संथा घेणारा एका स्वराला चुकला की बाबा हात वर करतात. तिथेच थांबायचं. ते म्हणाले, थांबवणारा नसेल तर वीस आवृत्त्यांनी चूकच पाठ होते.

लोभ आहे, पण सध्या रागाखाली.

मालविका

भोपाळ
१२ ऑगस्ट १९९४

चि. मालविकेस अनेक आशीर्वाद.

सही माझीच. वहीवर नाव नसतं, फक्त क्रमांक; पण तुझी आहे हे कळलं असतं तरी मी वाचली नसती. आठवड्याला दोनशे येतात. मी शेवटचं पान उघडतो, शिक्का मारतो, सही करतो.

भावजींना सांग, त्यांच्यापुढे चार पोरं बसतात. माझ्यापुढे कुणीच बसत नाही.

चारही स्वाध्याय पुन्हा सोडव आणि माझ्या घरी पाठव.

रागासकट लोभ राहू दे.

नीलकंठ

वाराणसी
९ सप्टेंबर १९९४

ती. मामांना नमस्कार.

तुमचं वाक्य बाबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, समोर कुणी नसताना नीलकंठ सही कुणासाठी करतो ते विचार.

तांबड्या शाईनं भरलेला लिफाफा पोचला. सतरा चुका. प्रत्येकीपुढे कारण. शून्यवाली मुलं आता मोजते. राग मात्र गेलेला नाही. बाकीच्या दोनशेंना अजून शिक्काच मिळतो का, ते लिहा.

अकराव्या उदाहरणात बेरीज तुमची चुकली आहे. हिरव्या शाईनं खूण करून ती पानं सोबत परत पाठवते आहे. पुढचं पाहण्याआधी तिथेच थांबा आणि उलट टपाली कळवा.

तुमची
मालविका