पातळी स्थिर, ६१.४

९ सप्टेंबर, मंगळवार. सकाळी ८.१०
आजपासून धरणाच्या कंट्रोल रूमचा चार्ज माझ्याकडे. काम समजायला पाच मिनिटं लागली. स्क्रीनवर पाण्याची पातळी दिसते, ती तासातासाने वहीत लिहायची. ६७ फूट झाली की भोंगा वाजवून खालची आळी रिकामी करायची, कारण ६८ ला पाणी सांडव्यावरून थेट ओढ्यात उतरतं. आत्ता ६१.४. खोलीला खिडकी आहे, पण ती पार्किंगकडे उघडते.
स्क्रीनच्या वरच्या कडेला एक पिवळी पट्टी: तुमचा ब्राउझर जुना झाला आहे, अपडेट करा. करू. उद्या, चहाच्या आधी.

१० सप्टेंबर
अपडेट नाही. चहा आधी आला. शिवाय टायपिस्टबाई म्हणाल्या, मागे एकाने अपडेट केलं तर प्रिंटर आठवडाभर रुसून बसला होता. सुरळीत चाललेल्या कामात ढवळाढवळ करणारा मी नव्हे.
पिवळी पट्टी मात्र डोळ्यांत खुपते. कोरा कागद कापला आणि टेपने तिच्यावर चिकटवला. झकास. ६१.४.
धाकट्या बहिणीचा फोन. ती खालच्या आळीत, ओढ्याला लागूनच राहते. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, त्यामुळे घर सोडायची वेळ आली तर कसं करायचं ही तिची काळजी. म्हटलं, भाऊ कंट्रोल रूममध्ये बसलाय. रोज सकाळी आकडा सांगीन. तू निर्धास्त राहा.

११ सप्टेंबर. ९.३०
धरणावरचा म्हातारा चौकीदार आत आला. ओल्या बुटांनी. म्हणाला, धरणाच्या आत पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या मंगळवारी बावीस कोरड्या होत्या, आज सतरा आहेत. त्याला स्क्रीन दाखवला. तो बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिला, मग तितकाच वेळ माझ्याकडे. समजावलं, की माणूस मोजायला चुकतो, सेन्सर चुकत नाही. तो म्हणाला, वर डोंगरात तीन दिवस कोसळतोय. इथे तर लख्ख ऊन आहे.
फरशी पुसून घेतली.

१२ सप्टेंबर
आज करायचंच असं ठरवलं. कागदाच्या कडेखालून माऊस नेऊन अंदाजाने क्लिक केलं. पासवर्ड मागितला. माझ्याकडे नाही. तीन अंदाज करून पाहिले, तर मशीनने चोवीस तास दार लावून घेतलं. म्हणजे सुरक्षाव्यवस्था उत्तम आहे. हेही तपासणं गरजेचंच होतं.
टायपिस्टबाई म्हणाल्या, पासवर्ड माझ्याकडे आहे, पाच मिनिटं द्या. अख्खं ऑफिस ज्याला कॉम्प्युटरमधला जाणकार म्हणतं, त्याने टायपिंगच्या टेबलाकडे हात पसरायचा? नम्रपणे नको म्हटलं.
६१.४.

१३ सप्टेंबर, शनिवार
चौकीदार दारातच थांबला. आज बोलला नाही. दोन्ही हातांची दहा बोटं दाखवली, मग एक. मी चष्म्याचा नंबर तपासून घ्यायला सांगितलं. तो गेला तो आळीच्या दिशेने. ड्युटीच्या वेळात गावगप्पा! सोमवारी मेमो.
बहिणीचा फोन. म्हणाली, दादा, ओढ्याचा रंग बदललाय. चार जण मिळालेत, सासूबाईंना खाटेसकट शाळेत हलवू का? म्हटलं, अजिबात नको. म्हातारीचे उगाच हाल. आकडा स्थिर आहे. ती म्हणाली, तू म्हणतोस तर थांबते.
तिचा माझ्यावर केवढा विश्वास! बरं वाटलं.

१४ सप्टेंबर
सुट्टी असून आलो. वही चाळली. पानामागून पान ६१.४. माझ्या हाताखाली धरणालासुद्धा शिस्त लागली. मोठ्या साहेबांसाठी अहवालाचा मसुदा सुरू केला: पातळी पूर्ण नियंत्रणात.


१५ सप्टेंबर. ९.००
टेबलावर चौकीदाराची चिठ्ठी. फक्त आकडा: आठ.
खुर्चीखालची फरशी थरथरते आहे. ग्लासातल्या पाण्यावर बारीक वर्तुळं. पंप जुने झालेत, अहवालात घालतो.
बहिणीचा फोन आला नाही. मी तीनदा केला. उचलत नाही. कामात असेल.
११.४०. अजून नाही.
४.१५. नाही. अपडेट उद्या नक्की. आज मन लागत नाही.

१६ सप्टेंबर. ८.२०
टायपिस्टबाईंना स्वतःहून बोलावलं. त्या म्हणाल्या, आधी हा कागद काढा. काढला. पिवळ्या पट्टीवर बारीक अक्षरांत दुसरी ओळ होती: या ब्राउझरला नवे आकडे मिळत नाहीत. शेवटची नोंद ९ सप्टेंबर, सकाळी ८.०५.
अपडेटला चार मिनिटं लागली. मी उभाच होतो.
६९.२. लाल.
भोंगा वाजवला. वाजवतच राहिलो.

१६ सप्टेंबर, दुपार
धावत खाली गेलो. आळीच्या तोंडाशीच गुडघाभर पाणी. दारांना कुलुपं. भोंगा ऐकायला तिथे कोणीच नव्हतं. चौकीदाराने शनिवारपासून घरोघरी फिरून पायऱ्या सांगितल्या होत्या आणि लोक निघून गेले होते. एकच घर मागे राहिलं होतं, कारण त्या घराचा भाऊ कंट्रोल रूममध्ये होता. काल पहाटे पाणी उंबऱ्याच्या आत आलं तेव्हा खाट उचलायला चार जण सापडले नाहीत. बहिणीने आणि चौकीदाराने म्हातारीला चादरीत घालून, कमरेएवढ्या पाण्यातून बाहेर काढलं.
शाळेच्या वर्गात ती भेटली. मी सगळं समजावलं. ब्राउझर, पासवर्ड, प्रिंटर. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. रागावली नाही. ती रागावली असती तर बरं झालं असतं. मला लाज वाटत होती आणि तरीही मी बोलतच होतो.
सासूबाईंना नीट दिसत नाही. त्यांनी विचारलं, कोण आलंय गं?
बहीण म्हणाली, कोणी नाही, धरणावरचे साहेब आहेत.