प्रज्ञाने लावलेले तुकडे

३ फेब्रुवारी, मंगळवार
प्रज्ञाची खोली आज उघडली. तिला जाऊन पुढच्या महिन्यात वर्ष होईल. टेबलावर प्लास्टिकच्या ठोकळ्यांचं घड्याळ तिने सोडलं होतं तसंच. धूळ तेवढी. दोरी गुंडाळून वजनाची बाटली वर घेतली, लंबक हलवला. थोडा वेळ टकटक, मग बंद. तिच्यासमोरही असंच बंद पडायचं. डायलिसिस नसेल त्या दिवशी ती यालाच बसायची. म्हणायची, "पप्पा, लेकरांच्या खेळण्याचं आहे म्हणून हसू नका. वेळ दाखवणार हे." मी हसलो नव्हतो.

६ फेब्रु., शुक्र.
सुनंदाला म्हटलं, आपल्या लेकीच्या स्मृतिदिनाला घड्याळ चालू असावं. बुद्धवंदनेला सगळे येतील. ती पोळ्या लाटत होती. मान वर केली नाही.
"करा. पण तिनं लावलेला तुकडा काढायचा नाय. एक पण."
न उघडता दुरुस्त कसं होणार?
"ते मला काय विचारता."

८ फेब्रु., रवि.
नाझिया आली. पॉलिटेक्निकमधली प्रज्ञाची मैत्रीण, इथं पडेगावातच राहते. घड्याळ दोघींनी मिळून सुरू केलं होतं. मोबाइलचा उजेड पाडून फटीतून आत पाहिलं.
"अंकल, आतलं एक चाक घासतंय. समोरची भिंत काढावी लागेल."
सु. दारात उभी होती. नाझियाने तिच्याकडे पाहिलं आणि उजेड बंद केला. "जाने दो, अंकल. दुसरं काही बघू."
नवी दोरी लावून पाहायची. जुनी ताणली जाते.

१२ फेब्रु., गुरु.
ऑफिस सुटल्यावर औरंगपुऱ्यात गेलो. बारीक, न ताणणारी दोरी मागितली. दुकानदार म्हणाला, "काका, पतंगाचे दिवस गेले की." मी व्हय म्हटलं. घरी येऊन बाटलीत वाळू वाढवली. आधीपेक्षा बराच वेळ चाललं. सु.ने स्वयंपाकघरात कुकरखालचा गॅस बंद केला. ऐकत होती. टकटक थांबली तेव्हा गॅस पुन्हा पेटवला.

१७ फेब्रु., मंगळ.
संध्याकाळी घरी आलो तर घड्याळ पडलेलं. भिंत सुटलेली, चाकं फरशीवर. सु. पलंगाच्या कडेला बसून. हातात शिवणयंत्राच्या तेलाची कुप्पी. आमच्याकडे दार कुरकुरलं तरी तेच तेल, पंखा वाजला तरी तेच.
"उघडायचं नव्हतं ना. म्हणून फटीतून सोडलं जरासं."
ठोकळे एकमेकांना घट्ट धरून असतात, बाकी आधार काही नाही. तेलाने पकड सुटली. वजन खाली ओढत होतंच. त्यात मी वाळू वाढवलेली.
खाली बसून चाकं गोळा केली. 

१८ फेब्रु., बुध.
सु.ने एकेक तुकडा साबणाच्या पाण्यात धुतला, पंचावर वाळत घातला.
"तेल निघालं," म्हणाली. मग थोड्या वेळाने, "तिचा हात पण निघाला."
मी चहा केला. गार झाला. ओतून दिला.

१ मार्च, रवि.
स्मृतिदिन. वंदना झाली, खीर वाटली. वैजापूरहून थोरले भाऊ आले होते. कपाट उघडं राहिलं, आत पंचावर ठेवलेले तुकडे दिसले. "खेळणी कशाला ठेवली अजून? आमच्या नातवाला दे की. मोडील, पण खेळंल तरी."
सु. म्हणाली, "दादा, खीर घ्या अजून."
त्यांनी घेतली. पुन्हा विषय काढला नाही. कपाटाला कुलूप लावलं.

८ मार्च, रवि.
नाझियाला मी बोलावलं होतं. रोजे चालू आहेत, पाणीही नको म्हणाली. प्रज्ञाने तिला पाठवलेले फोटो तिच्या मोबाइलात आहेत. ते पाहून जोडायला बसलो. सु. आपणहून आली, लागेल तो तुकडा शोधून देऊ लागली. तासभर असंच चाललं. बरं वाटत होतं.
मग दोष सापडला. घासणाऱ्या चाकामागे प्रज्ञाने एक छोटी पिवळी कडी जास्त घातली होती. फोटोत स्पष्ट दिसते. तेवढ्याने चाक भिंतीला टेकायचं. कडी नसली तर घड्याळ चालेल. नाझियाने बोटाने चाक फिरवून दाखवलं. सरळ फिरलं.
"आंटी, चालेल असं लावू, का प्रज्ञाने लावलं होतं तसं?"
सु.ने कडी उचलून मुठीत धरली. नाझिया वाट पाहत बसली. मग इफ्तारची वेळ होत आली, तिला जावं लागलं. जाताना म्हणाली, "भिंत लावायची राहिलीय, अंकल. घाई नको."
भाकरी थापायच्या होत्या, म्हणून सु.ने कडी माझ्याकडे दिली. "खाली ठेवू नका."
डाव्या हातात धरून हे लिहितो आहे.