व्यंकटरमणाच्या तोंडून निसटलेलं

तंजावूर, २८ जुलै २०२४

चि. विनुतास, अत्याचे पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र भिंग धरून वाचलं. अक्षर मोठं काढतेस ते बरं करतेस. अय्यो, बातमी ऐकलीस का? आपला व्यंकटरमण शुक्रवारपासून टीव्हीवर येतोय! खुनांच्या मालिकेत इन्स्पेक्टर झालाय, तोही आपल्या तंजावुरात, आणि घरी आईशी मराठी बोलणार म्हणे. त्याच्या पहिल्या सिनेमापासून मी सांगतेय, हा आपल्यातलाच, इथल्या मराठी घरांतला, नावामागचं राव तेवढं गाळलंय. तुम्ही सगळे मला हसलात. काल स्वप्नात आला, दारातल्या तिण्णैच्या ओट्यावर बसून सावकाश कॉफी प्यायला. चेहरा तेवढा धुक्यात होता.

मोतीबिंदूचं पुन्हा काढू नकोस. डोळ्याला सुरी लावायची म्हटलं की मी घाबरते. व्यंकटरमण ऐकायला कान पुरेत. रागावलीस तरी माया पातळ करू नकोस.

तुझी विशालाक्षी अत्या

पापनाशम, ६ ऑगस्ट

ती. अत्यास, विनुताचा वाकून नमस्कार.

शुक्रवारी शाळेच्या वह्या बाजूला सारून पाहिलं. दिसतो छान, पण मराठी कसली ती! पुण्याच्या कुणीतरी लिहून दिलेली, घोकून म्हटलेली. आपल्या घरांत असं कोण बोलतं? हरलीस तू, अत्या.

आता चेष्टा पुरे. शेजारच्या सुंदरीनं सांगितलं, तू परवा दुधात साखर म्हणून मीठ घातलंस. डॉक्टर म्हणतात, आणखी थांबलात तर अवघड होईल. मला फार भीती वाटते. आई गेल्यापासून मला तूच आहेस. एवढं ऐक माझं.

तुझ्या आशीर्वादावर हक्क सांगणारी,
विनुता

तंजावूर, ११ ऑगस्ट

चि. विनुतास आशीर्वाद.

हरले कुठली! तू पाहत बसलीस, मी ऐकत होते. घोकलेलं सगळं पुण्याचं, कबूल. पण शेवटी पिस्तूल घेऊन धावत सुटला, तेव्हा दारातून आईला काय म्हणाला? जाऊन येतो म्हणाला! पुण्याचा मुलगा निरोप घेताना नुसतं येतो म्हणतो. तमिळ निरोपाची रीत मनात ठेवून मराठी बोलणारे आपणच जाऊन येतो म्हणतो. ते काही कुणी लिहून दिलेलं नाही गं, घाईत तोंडून निसटलंय. लहानपणी घरात ऐकलेलं असणार. मला रडूच आलं. रात्रभर तो आवाज कानांत होता.

आता त्याचं तोंड एकदा धड पाहायचंय. भीती गेलेली नाही, पण तारीख घे. त्या दिवशी हात मात्र सोडू नकोस.

तुझी अत्या

तंजावूर, ८ सप्टेंबर

चि. विनुतास अनेक आशीर्वाद.

हे पत्र भिंगाशिवाय लिहितेय. पट्टी काढल्यावर मी तुझा चेहरा हातांत का धरला, असं तू विचारत होतीस. डॉक्टरांसमोर सांगवेना. समोर तू होतीस ना. कपाळाशी केस पांढरे झालेत, डोळ्यांखाली काळं आलंय, गालही बसलेत. कधीपासून गं? दर महिन्याला बस पकडून यायचीस, माझ्याजवळ बसायचीस, आणि मी आपली व्यंकटरमणाचं पुराण लावायची. एका शब्दानं बोलली नाहीस.

व्यंकटरमणालाही पाहिलं. छान आहे, अगदी आपल्या घरातला वाटतो. मालिकेचा शेवटचा भाग येत्या शुक्रवारी आहे. त्याच संध्याकाळी ये. टीव्ही बंद ठेवीन. तुला काय झालंय ते सगळं सांग.

वाट पाहणारी,
अत्या