आजोबांच्या नावापुढचं शून्य

विल्यम क्रीक,
बुधवार, दुपार

प्रिय हेदर,

आम्ही तिघंही सुखरूप आहोत हे आधी लिहिते, म्हणजे पुढचं तू शांतपणे वाचशील. तुझ्या टीगनला थोडी सर्दी आहे, पण जेवते नीट. कागद माझ्या वहीतलाच फाडला आहे, कडा वाकडी गेली. इथल्या हॉटेलात टेलिफोन आहे, पण तो भिंतीवर, आणि त्याच्या खालीच बाकावर चार माणसं बिअर घेऊन बसलेली असतात. शिवाय जे सांगायचं आहे ते तोंडाने सांगणं मला जमलं नसतं. टपालाचा ट्रक उद्या सकाळी निघतो.

फार थकले आहे गं. घर सोडून बारा दिवस झाले. रस्ता म्हणजे नुसता पन्हाळी पत्रा, मैलोन् मैल. त्यावरून गाडीमागे राहायची कॅरव्हॅन ओढताना दात आधी निखळतील की कंबर, एवढाच प्रश्न. तांबडी धूळ पिठात आहे, उशीत आहे, बायबलच्या पानांत आहे. सकाळी स्तोत्र वाचायला पान उलटलं की आधी फुंकर मारावी लागते. पाणी दिवसाला पंधरा लिटर धरलं आहे, तेवढ्यातच भांडी, आंघोळ, सगळं. तरी परवाचा चहाचा चोथा मी कालही उकळला म्हणून बाबा टीगनला म्हणाले, तुझी आजी दुष्काळाशिवाय सुखी राहू शकत नाही.

समोरून गाडी आली की स्टिअरिंगवरचं एक बोट उचलण्याचं बाबांचं वेड तुला ठाऊकच आहे. शेजारी असो की परका, बोट उचललं नाही तर त्या माणसाचा मान राखला नाही, असं ते मानतात. लहानपणी तू मागच्या सीटवर बसून त्यांची नक्कल करायचीस. या खेपेला मरी गाव सोडल्यावर त्यांनी टीगनला एक खेळ लावून दिला. लांबून गाडी जो आधी पाहील त्याने ओरडायचं, आणि मग आजोबांनी बोट उचलायचं. हिशेब माझ्याकडे, कारण वही माझ्याकडे. डिझेल आणि किलोमीटरच्या शेजारी मी दोन रकाने आखले. पहिल्या दिवशी टीगन अकरा, आजोबा शून्य. दुसऱ्या दिवशी टीगन नऊ, आजोबा शून्य. नातीला जिंकू देताहेत म्हणून मी हसले. पण हेदर, हा तोच माणूस आहे, जो अख्ख्या रानाच्या पलीकडे कुंपणात अडकलेलं कोकरू ओट्यावरून दाखवायचा.

रविवारी आम्ही त्या खाऱ्या तळ्याच्या काठाशी पोचलो. यंदा पाणी आलं आहे हे ऐकल्यापासून ते दुसरं काही बोलत नव्हते. त्यांच्या वडिलांनी ते एकदाच भरलेलं पाहिलं होतं, आणि घरात आयुष्यभर त्याच्याच गोष्टी. प्रार्थनामंदिर जवळ नव्हतं, म्हणून आम्ही काठावरच उभं राहून प्रार्थना केली, एक भजन म्हटलं. बाबांना सगळी भजनं पाठ आहेत, पुस्तक लागतच नाही. मग त्यांनी टीगनचा हात धरला आणि म्हणाले, सांग बघू, काय काय दिसतंय. ती सांगत सुटली. कडेला गुलाबी आहे, मग पांढरं, मग आकाशच खाली सांडल्यासारखं, आणि पक्षी इतके लांब की मिरीच्या दाण्यांएवढे. ते मान डोलवत होते. मी पाठ फिरवून सँडविच बांधायला घेतली.

काल दुपारी जेवणानंतर टीगनला मागे झोप लागली. अर्ध्या तासाने समोर धुळीचा लोट उठला. गुरांनी भरलेले तीन डबे ओढणारा ट्रक होता, रोड ट्रेन. अशा वेळी आपण डावीकडे उतरून थांबतो, हे बाबांनीच तुम्हा सगळ्यांना शिकवलं. ते थांबले नाहीत. वेगही कमी केला नाही, बोटही हललं नाही. मी शांतपणे म्हणायचा प्रयत्न केला, "क्लेम, डावीकडे घ्या." मग मी दुसऱ्यांदा म्हणाले, ते शांतपणे नव्हतं. त्यांनी स्टिअरिंग वळवलं, कॅरव्हॅन भुसभुशीत वाळूत रुतली, आणि ते एवढं मोठं धूड आरशाला लागेल इतक्या जवळून गेलं. माझ्या आईच्या निळ्या फुलांच्या कपांपैकी एक राहिला. बाकी कोणाला ओरखडाही नाही, देवाची कृपा.

ट्रकवाला पुढे जाऊन थांबला आणि चालत परत आला. आडदांड, पण भला माणूस. "काय काका, डोळा लागला का?" असं त्याने विचारलं. बाबा हसले आणि म्हणाले, हो रे, जेवण अंगावर आलं. गाडी चालवताना झोपलो हे त्यांनी परक्या माणसापुढे कबूल केलं, हेदर. त्यांच्यासारख्याने. दुसरं सांगण्यापेक्षा त्यांना ते सोपं वाटलं.

कॅरव्हॅन साखळीने बाहेर काढून दिल्यावर तो गेला. मी कपांचे तुकडे गोळा करत होते, तेव्हा टीगन येऊन माझ्याजवळ बसली. म्हणाली, "आजी, माझी चूक झाली. मी झोपले." मग हळूहळू सगळं बाहेर आलं. आजोबांना मधलं दिसत नाही, फक्त कडेकडेचं दिसतं. खेळ खरं तर खेळ नव्हता. आजीला सांगायचं नाही असं ठरलं होतं, आणि आता तिने वचनही मोडलं. नऊ वर्षांच्या पोरीने चार दिवस रस्त्यावरून नजर काढली नव्हती.

आज सकाळी न्याहारीची प्रार्थना झाल्यावर बाबांनी किल्ली शोधली. ती माझ्या एप्रनच्या खिशात होती, तसं मी सांगितलं. ते बराच वेळ बुटाच्या नाड्या बांधत राहिले. मग डावीकडच्या दारातून आत बसले. हंगामात मी गव्हाचा ट्रक चालवला आहे, पण मागे कॅरव्हॅन कधी ओढली नव्हती. सत्तर किलोमीटरला पावणेतीन तास लागले. दोन्ही हातांनी स्टिअरिंग असं धरलं होतं की समोरून पहिली गाडी आली तेव्हा माझं बोट उचलेना. टीगन मागे तोंड घट्ट मिटून बसली होती. गाडी शेजारून जायच्या जरा आधी बाबांनी गुडघ्यावरचं बोट उचललं. आवाजावरून कळलं असावं. इथे पोचल्यावर वहीत मी त्यांच्या रकान्यात एक लिहिला.

आता ज्यासाठी बसले ते लिहिते. टीगन तुला सांगेल की चूक तिची होती. तुझ्या मनात येईल की चूक बाबांची. तसं नाही. फेब्रुवारीत डोळ्यांच्या डॉक्टरचं पत्र आलं होतं. घरातलं टपाल मीच उघडते. यांनी गाडी चालवू नये, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. ते मी वीजबिलांच्या फाइलमध्ये ठेवलं आणि गप्प बसले. ते माझ्यापासून लपवत होते, मी त्यांच्यापासून. डोळे आहेत तोवर एकदा तळं पाहू देत, एवढंच मनात होतं, आणि त्यासाठी मी तुझी मुलगी त्या गाडीत बसवली. देवापुढे मी हे रोज म्हणते आहे, पण ते आधी तुला सांगायला हवं होतं. इथून कूबर पीडी गावापर्यंत मी गाडी नेईन, हळू नेईन, आणि तू येईपर्यंत तिथून हलणार नाही. पुढच्या रविवारी फोन करीन, तोवर हे पोचलं असेल. मला काय बोलायचं ते तू आल्यावर बोल. फोनवर आधी टीगनला दे म्हण, आणि तिला एवढंच सांग की झोप येणं ही चूक नसते.

तुझीच,
आई