पान उलटायला जागा नाही

रेडमंड,
शनिवार, सकाळ

प्रिय अंतरा,

पाकिटावरचं अक्षर ओळखलंच असशील. फाडून फेकायचं असेल तर आधी वाच, मग फेक. व्हॉट्सअॅपवर टाकलं असतं तर तू निळ्या खुणा करून गप्प बसली असतीस, म्हणून कागद घेतला. मला लिहायची सवय नाही. सातवीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. चुका दिसतील, त्या काढत बसू नकोस. नकुलकडून तपासून घेता येत नाही, कारण मी हे लिहितेय ते त्याला माहीत नाही.

तू कशी आहेस ते मी विचारत नाही, मला कळतं. माझी भाची राधिका तिकडे तुझ्या पार्सिपनीतच राहते आणि तिच्या तोंडाला कुलूप नाही हे तुला माहीत आहे. तुझी नोकरी चांगली आहे, तू केस कापलेस, आणि व्हायोला, तुझा तो व्हायोलिनचा थोरला भाऊ, कपाटावर टाकलाय, असं तिने एका दमात सांगितलं. लिहिणंही बंद आहे म्हणाली. मी म्हटलं, ऑफिसचं लिहीत असेल. तर म्हणाली, नाही गं मावशी, म्युझिक लिहिणं. केसांचं मला काही वाटलं नाही. पण ते दुसरं ऐकलं आणि तव्यावरची पोळी करपून गेली.

मी इथे अमेरिकेत लेकाकडे येऊन दोन महिने होत आले. पाऊस धड पडतही नाही आणि थांबतही नाही. बाहेर जावं तर ओली होते, घरात बसावं तर पाय वळवळतात. अकोल्याला माझं घर म्हणजे दिवसभर कोणी ना कोणी दारात. इथे सकाळी नकुल बसने ऑफिसला गेला की भिंती आणि मी. सगळे डबे पुसून झाले. पडदे धुतले. तुझी ती खिडकीतली झाडं होती ना, त्यांना पाणी घालून घालून एक मारलंसुद्धा. संध्याकाळी हा येतो, ओले बूट काढतो, हातात ताट घेतो आणि गॅरेजमध्ये जातो. गाडी बाहेर पावसात उभी आणि गॅरेजमध्ये म्युझिक छापायचं मशीन. असा संसार मी पाहिला नाही. सोफ्यावर कागद, जिन्यावर कागद. एकदा मी त्याला म्हटलं, तुझ्या बाबांनी जन्मभर दुकान चालवलं पण माल देवघरात आणला नाही. तर म्हणाला, यार आई, ती कव्हरं आहेत, वाळू देत.

सध्या ज्याचं छापतोय त्या हॉफमाइस्टरचं नाव तर मी आता झोपेतही सांगीन. तुला माहीतच असणार, पण मला जसं कळलं तसं सांगते. अडीचशे वर्षांपूर्वीचा माणूस. वकील व्हायला म्हणून व्हिएन्नाला गेला आणि संगीतात पडला. स्वतः लिहायचा, स्वतः छापायचा, दुसऱ्यांचंही छापायचा. दुकान काढायचा, त्यातलं काही विकून टाकायचा, परत नवं काढायचा. मी म्हटलं, म्हणजे तुझ्यासारखाच, बूड टेकत नाही. नकुल हसला. मग त्याने जेवता जेवता ती गोष्ट सांगितली, की याच हॉफमाइस्टरने त्या मोझार्टला सांगितलं म्हणे, तुझं लोकांना फार अवघड जातं, सोपं लिही, नाहीतर मी छापणार नाही. खरंखोटं देव जाणे, पण असं सांगतात म्हणे. मी हसले. म्हटलं, दुकानदार तो दुकानदारच, खपेल तेच मागणार. नकुल हसला नाही. ताट तसंच ठेवून उठला. मला वाटलं आमटी खारट झाली.

नुसती बसवत नाही म्हणून मी त्याचे कागद दुमडून द्यायला लागले. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, काळ्या मुंग्या ओळीने चालल्यात एवढंच दिसतं. पण घडी सरळ घालता येते. तेव्हा कळलं की चौघे वाजवणारे असले तर प्रत्येकापुढे फक्त त्याचं त्याचं लिहिलेलं असतं. आणि वाजवताना दोन्ही हात अडकलेले, मग पान कोण उलटणार? म्हणून छापणाऱ्याने पान अशा ठिकाणी संपवायचं की तिथे वाजवणाऱ्याला जरा गप्प बसायचं असेल. यासाठी हा मुलगा तासन्तास बसतो. ओळी जवळ ओढतो, लांब ढकलतो. पेशन्स कुठून आणतो कोण जाणे, माझ्याकडून तर नक्की नाही.

दर रविवारी चौघे जण इथे हॉलमध्ये प्रॅक्टिसला येतात. नकुलने लायब्ररीच्या हॉलमध्ये कार्यक्रम ठेवलाय, त्यासाठी. व्हायोला वाजवायला डोरोथी म्हणून एक बाई येतात, शाळेत संगीत शिकवून रिटायर झालेल्या. पहिल्या रविवारी येताना माझ्यासाठी केक घेऊन आल्या, मी त्यांना शंकरपाळे दिले, तेव्हापासून आमचं बरं जमतं. त्यांचं मराठी आणि माझं इंग्रजी सारखंच, तरी बोलतो खूप. आधी त्या हॉफमाइस्टरचंच चालायचं. गोड आहे, वाईट नाही. मी आत कांदे चिरत ऐकायचे. मग एका रविवारी नकुलने नवे कागद काढले आणि डोरोथीबाई अडकल्या. बाकी तिघांना पान उलटायला कुठे ना कुठे सवड होती, यांना कुठेच नाही. नकुल म्हणाला, मी सगळीकडून बघितलं, पान उलटायला जागाच नाही. डोरोथीबाईंनी मला हाताने बोलावलं, शेजारी खुर्ची ठेवली आणि खूण केली, मी मान हलवली की उलटायचं. म्हटलं ठीक, त्यात काय.

त्यात काय होतं ते सांगते. कांदे चिरत लांबून ऐकणं वेगळं आणि त्या वाद्याला मांडी लावून बसणं वेगळं. बाकीचे तिघे बोलतात, थांबतात, एकमेकांचं ऐकतात. हा व्हायोला मात्र थांबतच नाही. खाली खाली काहीतरी चालूच, जसं घरातलं कोणी दुसऱ्या खोलीत येरझाऱ्या घालत असावं आणि आपल्याला झोप येऊ नये. मला राग आला. वाटलं, अगं बस की एकदा. आणि तेवढ्यात बाकीचे तिघे एकदम गप्प झाले, आणि हा एकटाच राहिला, आणि तो वर चढला. अंतरा, माझ्या तोंडून एवढ्या मोठ्याने ‘वा!’ गेलं की समोरचा सेलोवाला दचकला. डोरोथीबाई मान हलवतायत, हलवतायत, आणि मी हात मांडीवर आपटून दाद देत बसलेली. पान राहिलं. सगळं बंद पडलं. त्यांच्यात वाजवणं चालू असताना खोकलासुद्धा दाबतात, आणि मी अकोल्याच्या गणपतीत बसल्यासारखी. चौघेही हसले. डोरोथीबाईंनी तर माझा गालच ओढला. फक्त नकुल हसला नाही. तो उठून गॅरेजमध्ये गेला.

ते लोक गेल्यावर मी विचारलं, हे त्या हॉफमाइस्टरचं नव्हतं ना? तो नाही म्हणाला. तुझं आहे का? त्यावर असं हसला की मला ते आवडलं नाही. म्हणाला, आई, माझं लोक एकदा वाजवतात आणि थँक्यू म्हणतात. हे अंतराचं आहे.

मग भात निवून गेला तरी मी त्याला सोडलं नाही. तुम्ही दोघांनी मला काय सांगितलं होतं? ‘आमचं जमलं नाही.’ बस. मी ते गिळलं. तुम्ही लग्न न करता एकत्र राहिलात तेही गिळलं होतं. कॉलनीत बायका ‘नकुलची मैत्रीण’ म्हणताना पदराआड हसायच्या, ते मलाच माहीत. आता कळलं काय झालं ते. तू ते चौघांचं लिहून त्याच्यापुढे ठेवलंस, आणि त्याने तुला कळवलं की हे लोकांना झेपणार नाही, सोपं करून दे. मी म्हटलं, कळवलं म्हणजे? म्हणाला, ईमेल केली. बाकीच्यांना करतो तशी. एका घरात राहून? तू शेजारच्या खोलीत बसलेली आणि या गाढवाने तुला ‘डिअर कंपोझर’ म्हणून ईमेल केली! म्हणे, घरचं माणूस म्हणून झुकतं माप नको. मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. मग मीच म्हटलं, म्हणजे त्या दिवशी जेवताना तू मला त्या मोझार्टची नाही, स्वतःची गोष्ट सांगत होतास. तो उठला. नळ सोडून भांडी घासत राहिला, घासलेलीच.

तू गेल्यानंतर त्याने तुझं सगळं पान न् पान छापायला लावून ठेवलंय. त्याचं स्वतःचं अर्धवट पडलंय, तिकडे बघत नाही. मला कधीकधी वाटतं, दिवसभर दुसऱ्याचं आपल्यापेक्षा चांगलं सामान हातात घ्यायचं, ते नीट लावायचं, आणि वर आपलंही लिहायचं, हे त्या हॉफमाइस्टरला कसं जमत असेल? नकुलला जमलं नाही. त्याला भीती वाटली, आणि त्याने भीतीवर नियमाचं झाकण ठेवलं. तुला विचारल्याशिवाय विकायला काढायचं नाही एवढी अक्कल आहे, पण तुला विचारायची हिंमत नाही. म्हणत होता, कार्यक्रमात वाजवून, रेकॉर्ड करून तुला पाठवीन, मग विचारीन. एवढा मोठा घोडा झालाय आणि असा वागतो.

आता मी का लिहिलं ते ऐक. बुधवारी डोरोथीबाई ओल्या पायऱ्यांवरून घसरल्या आणि मनगट मोडलं. प्लास्टर घातलंय. त्यांच्या जागी एक गृहस्थ मिळाले. त्यांनी काल तुझे कागद पाहिले आणि सरळ सांगितलं, एवढ्या दिवसांत हे झेपणार नाही, सोपं काहीतरी द्या. आणि तुला खरं सांगते, नकुलने लगेच तुझे कागद उचलले आणि परत तो हॉफमाइस्टर पुढे ठेवला. दुसऱ्यांदा, अंतरा. माझ्या डोळ्यांदेखत. कार्यक्रम पुढच्या नाही, त्याच्या पुढच्या शनिवारी आहे. ते वाजवू शकेल असं माणूस डोरोथीबाईंना एकच माहीत आहे, आणि त्यांनी प्लास्टरच्या हाताने व्हायोलाच्या कागदावरच्या तुझ्या नावावर टकटक केलं. तो कागद मी या पाकिटात घातलाय. नकुलला माफ कर, त्याच्याकडे परत ये, असं मी म्हणणार नाही. तो मुलगा माझा आहे, मीच त्याला कधीकधी माफ करत नाही. पुढचं लिहिशील ते दुसऱ्या कोणाकडे छाप, मला चालेल. पण व्हायोला खाली काढ आणि ये. डोरोथीबाईंच्या घरी वरची खोली तयार आहे, नकुलचं तोंड बघायचं नसेल तर बघू नकोस. तुला कोणीतरी सांगितलं की हे लोकांना झेपणार नाही. मी सातवी शिकलेली बाई आहे, मला झेपलं.

तुझीच,
कांचनकाकू